कुर्लीचा तांबडा रंग

बाबा, तुमची कुर्ली पुन्हा चालायला लागली. खाडीतला खेकडा नव्हे, लाकडाची, दोरीने ओढायची, मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा तुम्ही करायचात ती. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवून सांगणं मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. वाटलं असतं तरी काय लिहिलं असतं? मी अजून त्याच बांधकाम खात्यात ट्रेसर आहे. तुम्ही फणसाच्या लाकडाचा करून दिलेला रेघा आखायचा टी-स्क्वेअर अजून वापरते, आणि आई बरी आहे. पण या कुर्लीपायी गेल्या वर्षभरात तुमच्याबद्दल इतकं नवीन कळलं, की विचारायच्या गोष्टी साठून राहिल्या आहेत.

आपल्याकडे रेल्वे आली. तुम्हाला खरं वाटलं नसतं. त्यामुळे रत्नागिरीत आपल्या मांडवीला सुट्टीत पुष्कळ लोक येतात. माझी वर्गमैत्रीण, जिला तुम्ही 'टिटवी' म्हणायचात, तिने तिथे दुकान घातलं आहे. कोकम, आंबापोळी, कुळथाचं पीठ, असलं सगळं. एकदा मी तिच्याकडे बसले होते तेव्हा मुंबईची एक बाई विचारायला लागली, मुलांसाठी इथलं काही आहे का? टिटवी मला म्हणाली, "यांना मी आता काय देऊ? आंब्याची कोय? तुझ्या बाबांची ती कुर्ली असती तर रोज दहा गेल्या असत्या. माझी होती तीही काढून नेली त्यांनी. अजून माफ नाही केलं मी." ती हसत होती, पण तिचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. कुर्ली चांगली खपत होती. मांडवीत मुलं असलेल्या प्रत्येक घरात ती होती, पालीच्या बाजारातही तुम्ही पिशवी भरून न्यायचात. आणि मग एक दिवस तुम्ही ती बंद केलीत. नुसती बंद केली नाहीत, घरोघर जाऊन विकलेल्याही परत आणल्यात. का, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही, आणि तुम्हाला विचारायची रीत आपल्या घरात नव्हती.

तो दिवस मला स्वयंपाकघरासकट आठवतो. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. मी पाटावर बसून पायाच्या अंगठ्याला कुर्लीची दोरी बांधून ती मागेपुढे ओढते आहे, टक टक टक. तुम्ही कामावरून येता आणि चपला न काढता थेट आत येता. "दे ती इकडे," तुम्ही म्हणता. मी का म्हणून विचारते. "चाकं निसटतात तिची." मी म्हणते, माझ्या कुर्लीची नाही निसटत. आई म्हणते, "अहो, निसटलं चाक तर ठोकून द्या, पोरीच्या हातातलं काय काढून घेता?" तुम्ही तिच्याकडे बघत नाही. माझी मूठ उघडता, एकेक बोट करून. मी रडले तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते तुमच्या तोंडून मी पुन्हा कधीच ऐकलं नाही: "गो बाय, थोबाडीत देईन." त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही रोज सकाळी मला उजेडात उभं करून "जीभ दाखव" म्हणायचात, आणि मी दात घट्ट मिटून घ्यायचे. मला वाटायचं, उलट बोलले म्हणून जीभ बघतात.

टिटवीच्या दुकानातून आल्यावर मी आईला विचारलं तर ती म्हणाली, फर्मे आहेत की माळ्यावर. बिस्किटाच्या डब्यात तुमचे आकार आखायचे पत्र्याचे फर्मे निघाले. कुर्लीचा आणि तिच्या चाकांचा, कोळंबीचा, कासवाचा, आणि आणखी एक आहे तो कशाचा ते कोणालाच सांगता येत नाही. आई म्हणते उंदीर. मला तो सरंगा मासा वाटतो, पण सरंग्याला असं शेपूट नसतं. तो तुम्ही कधी केलेला मला आठवत नाही. पुढे करायचा होता का?

मी ट्रेसिंग पेपर घेऊन बसले. आता माझी चूक सांगते, तुम्ही हसाल. आमच्या कामाची एक पद्धत आहे. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा आमच्याकडे येतो, त्यात कुठे रेघ तिरकी गेलेली असते, कुठे वर्तुळाचा मध्य चुकलेला असतो. ते बोलून दाखवायचं नसतं, शाईत उतरवताना गुपचूप सरळ करायचं. पंचवीस वर्षं मी तेच करते आहे. तुमच्या चाकाच्या फर्म्यात भोक मधोमध नव्हतं, चांगलं जाड सुतळीएवढं बाजूला होतं. मला वाटलं, खिळा घसरला असेल. मी कंपास लावून मध्य काढला आणि सगळी भोकं जागेवर आणली. पालीला एक सुतार आहे, त्याने त्या नकाशावरून फणसाच्या लाकडाच्या बारा कुर्ल्या करून दिल्या. कापणी अशी सुबक, की मी खूश झाले. आईला दाखवायला ओटीवर दोरी धरून ओढली, तर ती तेल दिल्यासारखी सरळ गेली. आवाज नाही, काही नाही.

आई बघत राहिली. मग म्हणाली, "ही काय कुर्ली? ही कलेक्टरची गाडी."

त्या बारा कुर्ल्या मी शेजारच्या मुलांना दिल्या. त्यांनी एकदा ओढल्या आणि ओटीवर ठेवून दिल्या, तशाच त्या दोन दिवस पडून होत्या. मग मी तुमचा फर्मा पुन्हा बघितला. एका चाकाचं भोक एका अंगाला, जोडीच्या चाकाचं विरुद्ध अंगाला. म्हणजे एक चाक वर येताना दुसरं खाली जातं, कुर्ली डोलते, आणि डोलताना तिचे सैल पाय जमिनीवर टकटकतात. तुम्ही दोरी तोंडाला न बांधता कुशीला बांधायचात, त्यामुळे ती आडवी चालायची. हे तुम्हाला कसं सुचलं? आधी खरंच एखादा खिळा घसरला होता आणि मग लक्षात आलं, की बसून विचार करून काढलंत? शाळा तर तुम्ही चौथीपर्यंतच केली होती. तुमची चूक समजून मी तुमचं सगळ्यात हुशारीचं काम पुसून टाकलं होतं. दुसऱ्या खेपेला भोकं तुमच्याच जागी ठेवली. टकटक ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, एकदा स्वतः दोरी ओढून बघितली आणि परत आत गेली.

राहिला रंग. तुमची कुर्ली तांबडी होती, विटेपेक्षा गडद. तसा रंग रत्नागिरीतल्या एकाही दुकानात मिळेना. मला आठवलं, तुम्ही मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांची सुतारकामं करायचात, तिथूनच डब्यातून आणायचात. म्हणून मी तिथे गेले. होड्या रंगवणारे चाचा अजून आहेत. नजर कमी झाली आहे, हात कापतो, पण सावलीत खुर्ची टाकून बसतात आणि नातवांच्या चुका काढतात. तुमचं नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. मी म्हटलं, "चाचा, बाबा कुर्लीला लावायचे तो तांबडा रंग थोडा हवा होता."

"कशाला?"

"कुर्ल्या परत करतेय."

चाचा खुर्चीत बसले. "तुला तुझ्या बापसाने काय सांगितलान नाय?" मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, "तो रंग होडीच्या बुडाचा. बुडाला शिंपलं धरू नये, किडा लागू नये, म्हणून लावतात. त्याच्यात जहर असतं. तुझा बापूस उरलेला डबा घेऊन जायचा, मला वाटायचं घरच्या दाराखिडक्यांना लावत असेल. एक दिवस माझ्या पोरासाठी कुर्ली घेऊन आला. मी बोललो, अरे, हा कुठला रंग लावलास? पोरं तोंडात घालतात! त्याचं तोंड असं झालं." चाचांनी हात चेहऱ्यावरून खाली ओढला. "मला विचारतो, तोंडात घातलं तर काय होईल? मी बोललो, मी काय डॉक्टर हाय? चाय सांगितली होती, ती तशीच टाकून गेला."

मी तिथे लाकडाच्या ढिगावर बसले. म्हणजे तुम्ही कामावरून चपला न काढता आत आलात तो हाच दिवस. उजेडात माझी जीभ बघायचात ते त्याच दिवसांतलं. घरी येऊन आईला विचारलं तेव्हा तिलाही एकेक आठवायला लागलं. तुम्ही ज्या घरी कुर्ली परत मागायला जायचात तिथे विचारायचात, पोर नीट जेवतं ना? पोटात दुखत नाही ना? लोकांना वाटायचं किती प्रेमळ माणूस. मिळाल्या तेवढ्या तुम्ही पोत्यात भरून जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत पुरल्यात. पण पालीच्या बाजारात विकलेल्या कोणाच्या घरी गेल्या ते तुम्हाला माहीत नव्हतं. आई म्हणाली, "त्यानंतर वर्षभर बाजाराच्या दिवशी पालीला जाऊन नुसते उभे राहायचे. मी म्हणायचे, विकायला काही नाही तर जाता कशाला? म्हणायचे, माणसं बघायला." त्यांतली एकही परत मिळाली नाही, असं तिला वाटतं. म्हणजे ती मुलं कशी आहेत हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. हे तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत? आईला तरी? मी पुष्कळ विचार केला. तुमच्या जागी मी असते तर कदाचित मीही सांगितलं नसतं.

मग मला वाटायला लागलं की हे सगळं सोडून द्यावं. जे तुम्ही स्वतःच्या हाताने पुरलंत ते मी कोण उकरणार? पण पुरला होता तो रंग. चाकं निर्दोष होती. म्हणून मी रंगाच्या मागे लागले. कोकमाचं आगळ लावून बघितलं, दोन दिवस सुंदर दिसलं, मग काळपट पडलं, आणि त्यात मीठ असल्यामुळे हवेने चिकट झालं. बीट लावलं, ते उडालं. हळद आणि चुना मिसळून कुंकवासारखा रंग केला तर हाताला लागायला लागला. या खटाटोपात माझे दोन महिने गेले. एका रविवारी मासे आणायला गेले तेव्हा बोटं लाल होती. आपली नेहमीची मासेवाली मावशी म्हणाली, "काय गो, लगीनघाई हाय काय घरात?" मी तिला कुर्लीचं सांगितलं. ती टोपलीतली कुर्ली नांगीला धरून माझ्या नाकासमोर आणून म्हणाली, "ही बघ. तांबडी हाय? तांबडी होते ती टोपात शिजल्यावर. चालणारी कुर्ली कधी तांबडी बघितलीस? तुमी शिकलेली माणसं पण!"

बाबा, समुद्राजवळ राहून तुम्हीही शिजलेली कुर्ली चालवत होतात आणि मीही तीच शोधत होते. मी रंग सोडून दिला. आता मी आणि सुतार फणसाच्या पिवळ्या लाकडाला नुसती लाख लावतो आणि डोळे तापलेल्या सळईने डागून काळे करतो. चाटलं तरी काही होत नाही, हे मी स्वतः चाटून बघितलं आहे. टिटवीच्या दुकानात त्या ठेवल्या त्याला आता सहा महिने झाले. सुतार म्हणतो, हात पुरत नाहीत. पुढच्या हंगामात कासव करायचं चाललं आहे.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण मात्र गेल्या रविवारचं आहे. मी दुकानात होते. एक बाई आली, चाळिशीच्या आतबाहेरची, कोल्हापूरला दिलेली, माहेर पालीजवळचं. बोलण्यात दोन्हीकडचं मिसळलेलं. तिने कुर्ली उचलली, उलटी केली, चाकं बघितली आणि जमिनीवर ठेवून ओढली. मग तिथेच खाली बसली. "अगं बाई, आमच्यात होती की ही! आजोबांनी पालीच्या बाजारातनं आणलेली. पण ती तांबडी होती. तुम्ही तांबडी का नाही करत?"

मी आजवर गिऱ्हाइकाला कधी काही जास्तीचं सांगितलेलं नाही. पण तिला सगळं सांगितलं. तो रंग कसला होता, तुम्ही त्या कशा गोळा केल्यात, पालीला जाऊन कसे उभे राहायचात. टिटवी वजन करता करता थांबली, तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "मी तर दात येताना हीच चावायची. आई सांगते, माझं तोंड लाल बघून आजी घाबरायची. एक नांगी तर पार कुरतडून टाकलेली मी." मग स्वतःकडे हात करून म्हणाली, "मग काय झालं मला? दोन बाळंतपणं झाली, जोतिबाचा डोंगर पायी चढते. दात बघा." आणि तिने खरंच दात दाखवले. सगळे जागेवर होते.

तिने दोन कुर्ल्या घेतल्या. जाताना दारात थांबली. "तुमच्या बाबांना सांगा हं, पालीच्या पोरीला काही झालं नाही म्हणून. उगीच जिवाला लावून घेतलं असेल त्यांनी."

मी तिला "सांगते" म्हटलं. तुम्ही आता हयात नाही हे तिला सांगायचं विसरले, असं टिटवीला वाटतं. विसरले नव्हते.