रोझाचं मत असलेली बाटली

२ सप्टेंबर, मंगळवार
वर्षभराचा गोडा मसाला केला. खोबरं भाजताना स्मोक अलार्म वाजलाच. शेजारचे एन्झोकाका काठी टेकत दारात हजर. (तोंडावर मी नुसतं एन्झोच म्हणते, इथली रीत. वहीत मात्र काका. ऐंशीच्या माणसाला एकेरी लिहायला हात धजत नाही.) आग नाही हे कळल्यावरही गेले नाहीत. कढईवर वाकून वास घेत राहिले. प्रमाण कुठे लिहिलंय, विचारलं. म्हटलं, कुठेच नाही. सासूबाई नाकाने करायच्या, मीही नाकानेच. त्यांचे डोळे भरलेले दिसले. धूर असेल.

३ सप्टें.
धूर नव्हता. खुब्याच्या ऑपरेशनपासून त्यांचा दुपारचा डबा आपल्याकडून जातो. आज डबा द्यायला गेले तर बसवूनच घेतलं.
तरुणपणी काका आणि त्यांची बायको रोझा (आता नाही ती) इटलीत टेकडीवरच्या एका द्राक्षमळ्यात कामाला होते. ते घराणं बावीस पिढ्या वाइन करतंय. बावीस! मला पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नाही. तीन जातींच्या द्राक्षांची लाल वाइन वेगवेगळी मुरवायची, आणि वसंतात सगळं घर एका लांब टेबलाशी बसून चाखत चाखत मिसळायचं. वजनकाटा नाही, जीभच. इथे इंग्लंडात, रीडिंगला आल्यावर एका वर्षी ही दोघं सुट्टीला तिकडे गेली होती. मिश्रण ठरून गेलेलं. म्हाताऱ्या मालकिणीने सहज रोझाच्या हातात पेला दिला. रोझा म्हणाली, तिसरी थोडी वाढवा. वाढवली! सबंध वर्षाची वाइन एका कामगार बाईच्या शब्दावर बदलली. ऐकून अंगावर काटा आला.
मग काका म्हणाले, "तुला दिली ना, त्या बाटलीत रोझाचं मत आहे. शेवटची आहे. एकवीसला तिचा वाढदिवस. तेव्हा उघडू."
मी हो म्हणाले. घरी येऊन जिन्यावरच बसले.

४ सप्टें.
बाटली घरात नाही.
ईस्टरला दिली होती त्यांनी, टिश्यू पेपरात गुंडाळून. आम्ही नवराबायको दोघंही पीत नाही. सतीशला खोकल्याच्या औषधानेही झोप येते. म्हणून ती गेली जिन्याखालच्या कपाटात, जिथे मेणबत्त्या, बिस्किटांचे डबे, टॉवेलचे सेट असं ‘पुढे द्यायचं’ सगळं असतं. आईच्या ट्रंकेतले ब्लाऊजपीस जसे घरोघर फिरायचे, तसंच. जूनमध्ये मैत्रिणीच्या, मनीषाच्या नव्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तीच उचलली. वर चकचकीत बॅग! केवढी मी शहाणी.
सतीश म्हणतो तशीच दुसरी आणू. रात्रभर शोधलं त्याने. त्या मळ्याची मिळते, त्या सालची नाही. बाकी सालांत रोझा नाही.

७ सप्टें., रविवार
मनीषाला फोन. ती वाइन उघडलीत का? तर म्हणाली, अगं हो, गार करून प्यायलो, मस्त होती, मला पांढरीच आवडते.
लाल होती.
दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं हे विचारायचं नसतं, ही आपली अलिखित रीत मीच मोडली होती. शेवटी म्हणाले, मनीषा, मीही ती पुढेच ढकलली होती, आता खरं सांग. तिने सोडलेला श्वास फोनवर ऐकू आला. तिच्या ऑफिसात निकिता म्हणून नागपूरची मुलगी आहे, नवं लग्न. त्यांनी स्टेशनजवळ फ्लॅट घेतला तेव्हा तिला दिली.

८ सप्टें.
निकिता ट्रेनिंगला ग्लासगोला, १९ ला परत. मेसेज केला: ‘थोडं काम आहे, आलीस की भेटू.’ बाटली उघडू नकोस असं लिहिलं होतं, मग पुसलं. अनोळखी पोरीला दिलेलं परत कसं मागायचं?

१२ सप्टें.
काकांनी आज फोटो दाखवला. तेच लांब टेबल, लाल डाग पडलेलं. टोकाला रोझा, हातात पेला, डोळे मिटलेले. आजूबाजूचे सगळे तिच्याकडे बघतायत, निकाल लागायचा असल्यासारखे. सासूबाई मसाल्यात दगडफूल टाकताना स्वयंपाकघर असंच थांबायचं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि वरण गरम आहे तोवर जेवा, एवढंच म्हणाले.

२० सप्टें., शनिवार
भीड भिकेची बहीण. सकाळी निकिताकडे गेले.
"काल रात्रीच उघडली ना काकू. मी दोन आठवड्यांनी आली म्हणून."
अर्धी उरलीय. बूच दाबून फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीशेजारी. बर्फ घालून प्यायले! मी सगळं सांगितलं. पोरगी रडायलाच लागली. कशी लागली, विचारलं. म्हणाली, "पहिल्यांदा कडू. मग आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही. मला आईची आठवण आली, कशी काय ते माहीत नाही."
बाटली मांडीवर धरून बसने घरी.

२१ सप्टें., रविवार. सर्वपित्री
सासू-सासऱ्यांचं पान वाढलं. मग आमटीचा डबा आणि अर्धी बाटली घेऊन शेजारी गेले. दारातच सगळं सांगून टाकलं. कपाट, मनीषा, निकिता, बर्फसुद्धा. काकांनी बाटली उजेडात धरून पातळी पाहिली.
तीन पेले काढले. एकावर माझ्याच डब्यावरची बशी झाकून तो खिडकीत ठेवला, रोझाचा. दुसरा माझ्यापुढे सरकवला. चोपन्न वर्षांत पहिला घोट. भीत भीतच घेतला.
आधी जांभळासारखं तुरट. मग ओली माती, जुनं लाकूड. वाटलं संपलं, तर जिभेच्या मागून आणखी काहीतरी हळूच वर आलं. मसाल्यात दगडफूल असतं तसं. आपण होऊन दिसत नाही, पण नसलं तर बाकी सगळं पोरकं. डोळे मिटले गेले. हे एका बाईने टेबलाशी बसून सांगितलं होतं आणि आता ते माझ्या तोंडात होतं. ती नाही, तरी होतं. एवढं मोठं काही मी बिस्किटांच्या डब्यांशेजारी ठेवलं होतं. रडू आवरेना.
"ही ती तिसरी," मी म्हणाले.
काकांनी पेला खाली ठेवला. मग विचारलं, त्या पोरांना कशी लागली? निकिताचे शब्द तसेच्या तसे सांगितले.
निघताना धीर करून विचारलं, रागावलात का?
ते बूच लावत होते. "उघडलेली वाइन आज एक सांगते, उद्या वेगळं. उद्या ये, तेव्हा सांगतो."
माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की त्यांची खिडकी दिसते. पेला तिथेच आहे, बशीखाली. आमटी थोडी उरलीय. रात्रभर मुरली की दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, सासूबाई म्हणायच्या. उद्या तीच नेणार आहे.