घंटा होईपर्यंत

अप्पा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं कुठं मऊ बोलले तर तुम्हाला वाटायचं, पोरगी निवळली. काल पाचगणीहून आले. होय, शिबिरालाच गेले होते. तुम्ही गेल्यापासून तिथं पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता गेले तर थेट तुमच्या स्वयंपाकघरात.

आठवतंय ना सगळं? इस्लामपूरच्या आपल्या चर्चची माणसं दरवर्षी शुक्रवारी संध्याकाळी बस करून वर जायची, रविवारची उपासना करून खाली उतरायची. तुम्ही साखर कारखान्याच्या कँटीनमधून रजा टाकून त्यांच्या आधीच चूल मांडायला हजर. शनिवारी पहाटेपासून मौन. जेवण तयार झालं की तुम्ही घंटा वाजवायची, मगच सगळ्यांनी तोंड उघडायचं. नियम हॉलमधल्या माणसांसाठी होता, पण तुम्ही तो चुलीपर्यंत आणलात. पातेल्यांखाली पोती अंथरायचात, वाटण आदल्या दिवशीच करून ठेवायचात, मिक्सरला हात लावायची बंदी. लहानपणी एकदा माझ्या हातून झाकण पडलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. तुम्ही पाय ठेवून ते थांबवलंत आणि असे डोळे वटारलेत की मी चळाचळा कापले. घंटा झाल्यावर मात्र जवळ घेऊन म्हणालात, "आगं, माणसं वर्षातनं एकदा गप बसत्यात. त्येवढं तरी त्यास्नी बसू दे की." सगळा जन्म कँटीनच्या गोंगाटात काढलेल्या माणसाला शांततेचं लय अप्रूप असतं, हे मला स्वतः नोकरीला लागल्यावर कळलं.

मी मिरजेला नर्सिंगला निघाले तेव्हा तुम्ही सेकंदकाट्याचं घड्याळ दिलंत, नाडी मोजायला. घड्याळ टिकलं, प्रार्थना काही टिकली नाही. शिकून परत आले, इथल्याच दवाखान्याच्या वॉर्डात दोन वर्षं काढली आणि माझं देवाशी बोलणंच बंद झालं. गुरुवारी संध्याकाळी आपल्या घरी संगत बसायची. सतरंजी, चहा, आठवडा कसा गेला ते प्रत्येकानं सांगायचं, आणि मग एकमेकांसाठी प्रार्थना. मी मुद्दाम गुरुवारची रात्रपाळी मागून घ्यायचे. तुम्ही कधी जाब विचारला नाहीत. पण दर गुरुवारी माझ्यासाठी प्रार्थना मागता, हे कानावर यायचं आणि माझं डोकं फिरायचं. "मी काय आजारी हाय व्हय?" असं मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं. तुम्ही नुसते हसलात. शेवटी एका वर्षी कंटाळून म्हणाले, येते, पण एकदाच. काय फुलला होता तुमचा चेहरा!

तो शनिवार. मी हॉलमध्ये खिडकीशी बसलेय, मान खाली, हात मांडीवर. मधे अंगण, पलीकडं तुमची चूल. पुढचं मला शेजारच्या काकूनं सांगितलं, जी दरवर्षी तुमच्या हाताखाली कांदा चिरायला यायची. "घाम फुटला हुता गं त्यास्नी. पोत्यावर टेकले, छातीला हात. मी तुला हाक मारायला उठले तर मनगट धरलं माजं. खिडकीतनं तुज्याकडं बोट केलं आन् मान हलवली. म्हंजे, न्हाई. पोरगी बसलीया, बसू दे तिला. जरा टेकल्यावर बरं वाटंल म्हणून मी तशीच पदरानं वारा घालत बसले."

आवं अप्पा, हाक मारायला काय झालं होतं? अंगणापलीकडं नर्स बसली होती, पोटची पोरगी! आणि ती कुठं प्रार्थना करत होती? ती झोपली होती. गुरुवारची रात्रपाळी आणि तिला जोडून शुक्रवारची दिवसपाळी करून तशीच बसमध्ये चढले होते, बसल्या जागी डोळा लागला. हे मी त्याच दिवशी सगळ्यांना रडतरडत सांगितलं, कुणापासून लपवलं नाही. फक्त तुम्हालाच ते कळलं नाही.

जेवणाची वेळ टळली. घंटा झाली नाही, म्हणून कुणी उठलं नाही. भात करपल्याचा वास हॉलभर पसरला, तरी सगळे डोळे मिटून घंटेची वाट बघत राहिले. काय म्हणावं आपल्या माणसांना! काकू बोंबलत आत आली तेव्हा मी जागी झाले. मनगटावर तुमचं घड्याळ होतं, पण तुमची नाडी काही लागली नाही.

त्यानंतर शिबिरं झाली, मौन कुणी पाळलं नाही. आणि गुरुवारची संगत मला सोडेना. तुम्ही नाही, आई तर आधीच गेलेली, तरी ही माणसं आपली वेळेवर दारात हजर. चहा तरी ठेवायला हवा म्हणून मी रात्रपाळ्या मागायचं सोडलं. आता घर माझं आणि संगतही माझीच झालीय. या वर्षी चर्चचे नवे पाळकसाहेब म्हणाले, मौन परत सुरू करू या. सगळे माझ्याकडं बघायला लागले. काकू म्हणाली, "बाप तुजा गेला. तू न्हाई म्हणलीस तर न्हाई."

मी नाहीच म्हणणार होते. पण कोपऱ्यात एक पोर बसलेली असते, पलूसहून लग्न होऊन आलेली. तिचं पहिलं बाळ गेलं उन्हाळ्यात. तेव्हापासून रडली नाही, की संगतीत कधी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "ताई, समजूत ऐकून ऐकून कान किटलं माजं. येक दिस तरी कुणी बोलू नका माज्याशी."

मग मी हो म्हटलं. पण अट घातली, मौन हॉलमध्ये. स्वयंपाकघरात बोलायचं, ओरडायचं, भांडी आपटायची. मी तिथं बीपीचं मशीन घेऊन बसणार, आणि यापुढं कुणी मुकाट मरायचं नाही.

शनिवारी सकाळी काकूच्या तोंडाचा पट्टा चालू होता. आता तिला ऐकू कमी येतं, त्यामुळं आवाज दुप्पट. मी आमटी ढवळत होते. खिडकीतून हॉल दिसतो, तुम्हाला दिसायचा तसाच. माझ्या तेव्हाच्या जागी ती पोर बसली होती. मान खाली, पदर तोंडात कोंबलेला, आणि खांदे गदगदत होते. ती रडत होती, अप्पा. तेवढ्यात काकू ओरडली, "आगं ए, मीठ घातलंस का न्हाई?"

माझं बोट ओठांवर गेलं. काकू बघतच राहिली. मी पातेलं अलगद उचललं आणि खाली पोतं सरकवलं.

राग आहेच. हा कागदही कुठं जायचा नाही, घडी घालून घड्याळाच्या डबीत ठेवीन. गुरुवारी संगतीत यातलं अक्षर सांगणार नाही. तुम्हाला तेवढं सांगते, स्वयंपाक कधीच झाला होता. घंटा मी उशिरा वाजवली.