आंबट म्हणजे काय, आये

प्रिय आये,

काल विचुंब्याहून काकी आली होती. हातात रिपोर्टची पिशवी. तिलाही गाठ निघालीय गं. मी धीर द्यायला बसले, तर तिने मलाच विचारलं, "मंग मीपन आंबट खाऊ ना, बाय?" मला काही कळेना. मग तिने तुझं सगळं सांगितलं, म्हणून तू गेल्यावरही आज लिहितेय.

दुपार आहे, लॅब शांत आहे. समोरच्या बाटलीत मी बनवत असलेलं दुधासारखं पाणी. त्यात चरबीच्या इवल्या पिशव्या तरंगतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रत्येकीच्या पोटात औषध. बघता बघता डोळे मिटतात आणि वाटतं, मीही त्यांच्याबरोबर तुझ्या रक्तातून वाहत चाललेय, कोमट अंधारात. खाडीत होडी सोडून द्यावी तशी.

तुला केमो चालू असताना शेजारी बसून हेच सांगितलं होतं ना? "गाठीच्या आजूबाजूला आंबट असतं, आये. पिशवी बाकी अंगात गप्प राहते, तिथे पोचली की उघडते."

"आंबटान उघडते? शानी हाय माझी बाय!" म्हणालीस. मी काय फुशारले! तेवढ्यात फोन आला आणि उठले.

काकी म्हणते, त्या दिवसापासून तू तिला कालवणात दुप्पट चिंच घालायला लावलीस. "औषद उघडाला नको का?" तोंड आलेलं, ओठ सोललेले, साधं पाणी गिळताना कळ यायची, आणि तू वाटी वाटी आंबट कालवण प्यायचीस! मला सांगायचं नाही म्हणून काकीला शपथ घातलीस. मला वाटायचं, तुझ्या जिभेची चव गेलीय. पनवेलच्या बाजारातून चिंच मीच आणायचे, आये.

खाल्लेलं आंबट गाठीपर्यंत जात नाही गं. एवढं एकच वाक्य सांगायचं राहिलं. तुला सोपं जावं म्हणून आम्लतेला आंबट म्हटलं, आणि तिथेच चुकले.

पण तूही विचारायचंस ना! मिठागरावर वाढलेली तू, कोळणीला दहा प्रश्न विचारल्याशिवाय बोंबील घेत नव्हतीस. लेकीपुढेच गप्प का बसलीस?

आणखी एक सांगते, रागावू नकोस. तुला सुईतून जात होतं ते माझं औषध नव्हतंच. साधंच होतं, अंगभर फिरणारं. माझं अजून बाटलीतून बाहेर आलेलं नाही. तू नर्सबाईंना म्हणायचीस, "माझे पोरीचा औषद हाय," तेव्हा मी नुसती हसायचे. ऐकायला गोड वाटायचं. लाज वाटते आता.

उद्या काकीला दवाखान्यात नेतेय. फोन घरी ठेवून जाईन. आधीच सांगेन, काकी, हे माझं औषध नाय, ते अजून तयार नाय. तिचा चेहरा उतरेल, उतरू दे. मग तिला काय समजलं ते तिच्याच तोंडून ऐकेन, आणि ते नीट ऐकल्याशिवाय तिच्याजवळून उठणार नाही. वचन देते, आये.

तुझी अर्धंच सांगून उठलेली,
बाय