ब्लॉग बंद केला तर याद राख

चि. संघदीप,

विमलताईचा जय भीम. तुही तब्येत बरीच असंल, कारण परवा फोनवर 'ब्लॉग बंद करतो' म्हणत होता तवा आवाज चांगला खणखणीत होता. माह्या गुडघ्याचं विचारू नको. सूनबाईले अन् लेकराइले आशीर्वाद.

तू म्हणतो, ताई, आता ब्लॉग कोणी वाचत नाही, सगळे फेसबुकवर गेले. म्हणून म्याबी गेली. दीपानं (लेक सासरी गेली तरी माह्यावर हुकूम चालवते) खातं उघडून दिलं. चवथी शिकलेली बाई मी, एका बोटानं तीन दिवस मायवर लिहिलं. माय तूर कशी सोंगे, दुकानदाराशी कशी भांडे, अन् मागच्या साली गेली ते. टाकल्याबरोबर पन्नास अंगठे! मी खूश. मंग पाह्यलं तं शेजारच्या रुपीबाईनं खाली टाळ्यायचं चित्र लावलं होतं. तशीच उठून तिच्या घरी गेली.

"काहून वं, माही माय मेली अन् तू टाळ्या वाजवते?"

"म्या कुठं वाचलं, विमल? तुहं नाव दिसलं, दाबलं बोट. तू नाही दाबत का माह्या नातवाच्या फोटोले?"

(दाबते मीबी. न पाहताच.) संध्याकाळी पुन्हा उघडलं तं माय कुठंच नाही. वर एक बाई नाचून राह्यली, खाली फवारणीच्या औषधाची जाहिरात. मी हळू वाचते रे. एक ओळ लावेपर्यंत तिथलं सारं पुढं निघून जाते.

तुह्या ब्लॉगवर आज जिथं सोडलं तिथंच उद्या सापडते. बारा वर्साआधी तू लिहिलं, माय बाभुळगावच्या बाजाराले जाताना चप्पल पिशवीत ठेवे अन् बाजार दिसला का पायात घाले. मी तिच्या संगच राहो, तरी इसरली होती. तीन दिवस तेवढंच वाचलं. कोणी अंगठा मागितला नाही. माय आपली पुढं चालून राह्यली, मी मागं. फोटो म्हणशील तं मायचा एकच, आधार कार्डावरला, अन् त्यात ते कोणाचीच माय वाटत नाही. ब्लॉग बंद केला तं मी तिले पाहाले जाऊ कुठं?

तू म्हणे, रोज दुपारी एकच जण येऊन जाते, मशीन असंल. मशीन कायचं? मी हाओ ते.

तुही ताई,
विमल

ता. क. बुंदी चोरली म्हणून मायनं तुले मारलं असं तू लिहिलं. बुंदी तू खाल्ली, मार मले बसला. सुधार.

आणखी ता. क. खरं तं याच्यासाठीच पत्र. माय गेली तवा तू पुण्याले होता, मी तिच्याजवळ होती. त्या दिवसाचे चार पानं लिहिले, या पाकिटातच हायेत. फेसबुकवर टाकाची हिंमत नाही झाली. तुह्या ब्लॉगवर लाव. चुका सुधरवल्या तरी चालते. पण तिसऱ्या पानावर अर्धी ओळ कोरी हाये. तिथं तू काही भरू नको.