यांच्या नावाचा फोटो

भाईंदर, मार्च १९४६

फोटोवाले जयकुमारभाऊ यांस नमस्कार.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्ही चांगल्या मनानंच केलंत.

बेचाळीसच्या मोर्च्यात आमचे हे लाठ्या खाऊन गेले. तुम्ही कॅमेरा घेऊन आलात तेव्हा सगळं उरकलं होतं, आणि घरात यांचा एकही फोटो नव्हता. "वहिनी, देशाला चेहरा दिसला पाहिजे," म्हणून तुम्ही मिठागरातल्या रामनाथच्या हातात झेंडा देऊन त्याला उभं केलंत. मी अडवलं नाही.

तो फोटो यांच्या नावानं पेपरात आला, मग कॅलेंडरवर. गाव जाणतं, पण बोलत नाही. बाहेरचं कुणी विचारलं, "हेच का ते?" की मी मान हलवते.

शेवंता तेव्हा पोटात होती. ती त्या फोटोलाच बाबा म्हणते.

रामनाथ तेव्हापासून मुंबईला गोदीत होता. काल तो भेटायला आला. शेवंतानं धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारली, "बाबा आला!"

तो रडायला लागला. "वयनी, तिला सांगा, मी न्हाय तो."

मी यांचा चेहरा आठवायला गेले. डोळ्यांसमोर रामनाथच आला. मग मी पाट मांडले आणि दोघांना वाढलं.

तुमच्यावर राग नसलेली,
सोनूबाई