फाकी पाठवणार नाही

नवागाम, सुरत

प्रिय आक्का,

पोटाची फाकी पाठवणार नाही म्हणजे नाही. हा तुझा चौथा निरोप. परवा फोन केला तर माझी खुशाली राहिली बाजूला, आधी तेच, सरले, डबा खाली होत आला, कोणी येत असेल तर दोन दे. आणि मी कंबरेचं विचारलं की लगेच फोन सुनेच्या हातात. तुमच्याकडे फोन मोठ्या आवाजात लावून सगळं घर ऐकतं. संडासाच्या गोष्टी मी काय चारचौघांत बोलू? म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेली मी, काना-मात्रा चुकली तर हसू नको, पण सगळं वाच.

सासूबाई पडल्या आणि खुबा मोडला, असं मी तुला सांगितलं होतं. तसं नाही झालं. भाद्रपदात भर दुपारी मी साडीला टिकल्या चिकटवत बसले होते. त्या पाटावरून उठल्या आणि दाराला हात लावायच्या आत खाली बसल्या. आधी मोडलं, मग पडल्या. मला आवाज आला आक्का. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडते ना, तसा.

सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, पोरगीच, पण खमकी. सासूबाईंनी तिथेही फाकीचा डबा उशाशी ठेवला होता. तिने उघडून वास घेतला. म्हणाली, सोनामुखी आहे यात, जुलाबाची, किती वर्षं घेतात? मी म्हटलं, वीस तरी. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, वय झालं की बाईचं हाड झिजतंच, ऊन नाही, दूध नाही, एकट्या फाकीला दोष देता येत नाही. पण रोज जुलाब केले की अंगातलं पाणी जातं, क्षार जातात, खाल्लेलं अंगी लागत नाही, पायातली ताकद जाते. झिजल्या हाडाला मग निमित्तही लागत नाही. वर आतडं आळशी होतं ते वेगळंच, एका चमच्याचे दोन होतात. तुझे तर तीन झालेत. तुझ्या नितीनने सांगितलं मला, त्याला रागावू नको.

सासूबाई खाटेवर पडूनसुद्धा फाकीच मागायच्या. मी डबा लपवला तर सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, सून पोट बांधून मारते मला. हाडाचं काही नाही, बाईला भीती पोटाची. मार्गशीर्षात गेल्या.

तुला आठवतं, अकरा वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली तेव्हा तू महिनाभर इथे होतीस. आठ खोल्यांना एक संडास. सातला कारखान्यातल्या मागवाल्यांची पाळी सुटली की दारावर थापा, मावशी निघा, मावशी झालं का. तू तीन दिवस बादली घेऊन गेलीस तशी परत आलीस. चौथ्या दिवशी रडायलाच लागलीस, मला घरी पाठव म्हणून. तेव्हा सासूबाईंच्या डब्यातला चमचा मीच तुझ्या तळहातावर ठेवला. पहाटे पाचला जाऊन आलीस ती हसतच. आता तुझ्या घरी तुझा संडास आहे, दारावर थाप मारणारं कोणी नाही, तरी फाकी सुटत नाही. आणि मी गावाकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत डबा कोंबत राहिले. लोक म्हणायचे, सरला बहिणीला विसरत नाही.

संक्रांतीला नितीनने फोटो पाठवला. ओट्यावर तू आणि सून उभ्या. हीच ना ती सून, जिला तू पसंतीच्या वेळी बुटकी म्हणाली होतीस? फोटोत ती तुझ्यापेक्षा उंच दिसते आक्का. मी आधी म्हटलं, तू खालच्या पायरीवर असशील. मोठा करून पाहिला. दोघी एकाच पायरीवर आहात. तेव्हापासून तुमच्याकडचा फोन वाजला की मी लगेच उचलत नाही. माझा हातच होत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. दिवाळीला माझा दीर योगराज याच्या हाती तुला दोन डबे आले. तेव्हा सासूबाई खाटेवर होत्या आणि डॉक्टरणीने मला सगळं सांगितलं होतं. तरी मी पाठवले. नाही पाठवले तर तू कारण विचारशील आणि अकरा वर्षं मी तुला काय चारलं ते सांगावं लागेल, एवढ्यासाठी. तेच डबे तू संपवत आणलेस आणि आता कंबर दुखते म्हणतेस. नितीन म्हणतो घसरली, सून म्हणते कुठे घसरली, बसल्या जागी दुखायला लागलं. खरं काय ते तूच सांग, घसरलीस की न पडताच दुखायला लागलं? राहिलेली फाकी एकदम बंद करू नको, कमी कशी करायची ते डॉक्टरला विचार, त्याला तीन चमचे सांग, लाजून एक सांगू नको. नितीनला घेऊन शनिवारच्या आत धुळ्याला जा आणि कंबरेचा फोटो काढ. हे पत्र घेऊन येणारा योगराज रविवारी दुपारी तिथून निघेल. त्याच्या हाती मला उत्तर पाहिजे, तुझ्या अक्षरात, सुनेच्या नाही. रविवारी तो रिकाम्या हाताने आला तर सोमवारी मी तुझ्या दारात उभी आहे.

तुझीच,
सरला