आईंनी हनुवटीने निवडलेली गिटार

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकले आणि कमरेत उसण भरली, त्यामुळे नमस्कार नेहमीपेक्षा जरा लांबला आहे. तो आदर समजून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? तुमची तब्येत ठणठणीत असणार यात मला शंका नाही, कारण रविवारी तुमचा फोन आला तेव्हा तुमचे बंधुराज तो कानापासून हातभर लांब धरून उभे होते, आणि तरी मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात आईंना कायमचं घेऊन जायला येते, त्यांचं सामान बांधून ठेवा, असं तुम्ही म्हणालात. मी सामान बांधलेलं नाही. का बांधलं नाही ते सविस्तर लिहिते. पत्र लांबलं तर चहाचा दुसरा कप घ्या, पण मधेच टाकून देऊ नका.

आता आधी समोरच्या खिडकीबद्दल. तिथल्या निवृत्त बाईंनी (आम्ही घरात त्यांना दुर्बीणबाई म्हणतो, पण तुम्ही म्हणू नका) तुम्हाला कळवलं की तुमची आई दिवसभर डोळे मिटून एका फळीला हनुवटी लावून बसते, आणि संध्याकाळी तुमचा भाऊ कामावरून आला की त्याच फळीला टक्कल टेकवून रडतो. वन्सं, यातलं बहुतेक सगळं खरं आहे. फक्त ती फळी नाही, बेस गिटार आहे. आणि हे रडत नाहीत, ऐकतात. (एकदा रडले. ते सांगतेच.)

कानाच्या डॉक्टरांनी आईंना काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. बारीक आवाज गेले, जाड राहिलेत. म्हणजे पाखरं गेली, दारावरची घंटा गेली, किटलीची शिट्टी गेली आणि मी गेले. माझा आवाज कसा आहे हे तुमच्यापासून लपलेलं नाही. गेल्या वर्षभरात मी त्यांना जे जे काही ऐकवलं ते सगळं वाया गेलं हे कळल्यावर मला फार हळहळ वाटली, काही वाक्यं खरंच चांगली जमली होती. कानातलं यंत्र आणलं तर त्यातून नुसती करकर. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेली बाई, कपड्यांच्या घड्या घालतानासुद्धा गुणगुणायची, ती हळूहळू गप्प झाली. मला ते बघवत नव्हतं. सासू गप्प बसावी म्हणून लोक नवस करतात, आणि मी मात्र कधी बोलतील म्हणून त्यांच्या मागे मागे फिरत होते.

मग एके दिवशी कपडे धुवायचं मशीन गरगरत असताना आई त्यावर कोपर टेकवून उभ्या होत्या, आणि त्या मशीनच्या घरघरीत सूर मिळवून गुणगुणायला लागल्या! मी हातातला डबा खाली ठेवला. त्यानंतर आमच्या घरात धुतलेले कपडे पुन्हा धुतले जायला लागले. माझ्या एका साडीचा रंग पार गेला तेव्हा मी म्हटलं, हे काही खरं नाही, त्यापेक्षा जाड आवाजाचं एखादं वाद्यच आणू. ह्यांनी मोठा ढोल सुचवला. आईंना पाटीवर लिहून दाखवलं तर म्हणाल्या, आयुष्यभर सूर शिकवला आणि आता बडवत बसू होय?

मग आम्ही वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथले मालक केसांची पोनी बांधतात, आणि जाड सुराचं वाद्य म्हटल्यावर त्यांनी बेस गिटारच दाखवल्या. भिंतीवर खालून वर किंमत चढत गेलेली. जसजशी आपली मान वर, तसतसं काळीज खाली. मी आधीच भांडले. साध्या गिटारला सहा तारा आणि हिला चारच, मग ही महाग कशी? दोन तारा काढून घेतल्याचे पैसे लावता का? पोनीवाल्यांनी न रागावता सांगितलं की तारा कमी असल्या तरी जाड असतात, आणि त्यांचा ताण पेलायला गळा लांब आणि भक्कम लागतो. (माणूस फार भला. त्यांचाही आवाज माझ्यासारखाच बारीक, त्यामुळे ते आईंना तासभर जे समजावून सांगत होते त्यातलं आईंना काडीचं ऐकू आलं नाही.)

सगळ्यात खाली खोक्यातली. एकाच खोक्यात गिटार, पट्टा, वायर, छोटा स्पीकर आणि घरबसल्या शिकायचं पुस्तक, आणि किंमत आपल्या मिक्सरएवढी. मी तर तिथेच भाळले, एवढ्या वस्तू! आईंनी ती मांडीवर घेतली आणि पोनीवाले वायर शोधत असतानाच तारा नीट दिसाव्यात म्हणून खाली वाकल्या. वाकताना हनुवटी गिटारच्या वरच्या शिंगासारख्या टोकाला टेकली, बोटाने तार छेडली गेली, आणि आई थिजल्याच. मला वाटलं मानेत लचक भरली. तर केवढ्यांदा ओरडल्या, अगं, बोलतेय ही! अख्खं दुकान वळून बघायला लागलं. लाकडातून थेट हाडात आवाज जात होता. मग पोनीवाल्यांची वायर राहिली बाजूला आणि आईंनी सगळा माल हनुवटीने तपासायला घेतला. पोनीवाले आधी पॉलिशच्या काळजीने कासावीस झाले, नंतर स्वतःच मऊ फडकं घेऊन आले. मला तर इतका अभिमान वाटत होता की मी कोपऱ्यातल्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगितलं, माझ्या सासूबाई आहेत.

खोक्यातलीचा सूर मात्र टिकेना. लावून हात काढला की उतरायची, आणि गळ्यावरच्या धातूच्या पडद्यांची टोकं बोटांना ओरबाडत होती. एकदम वरच्या रांगेच्या खालची होती तिच्या पाठीत बॅटरी. आईंनी कानातलं यंत्र काढून दाखवलं आणि म्हणाल्या, संपणारी बॅटरी घरात एक आहे तेवढी पुरे. मग पोनीवाल्यांनी काचेच्या कपाटातून सगळ्यात वरची काढली. तिची किंमत मी आधी फोन नंबर समजले. आईंनी तिला हनुवटी लावली, एकच सूर छेडला आणि डोळे मिटून बसल्या. सूर विरेना. आम्ही सगळे उभे. मी मनातल्या मनात बांगड्यांना निरोप दिला. पण आईंनी ती दोन्ही हातांनी अलगद परत केली. म्हणाल्या, ही फार मोठी गवयी आहे, हिच्यासमोर माझं बोट उचलायचं नाही. मला माझ्याबरोबर चुकणारी द्या.

तशी ती दुसऱ्या रांगेत मिळाली. आखूड गळ्याची, हलकी, आईंची करंगळी शेवटपर्यंत पोचते, सूर धरून ठेवते. किंमत मध्यम फ्रिजची आणि रंग प्लास्टिकच्या बादलीचा निळा. निघताना पोनीवाल्यांनी आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरकडे बोट दाखवून विचारलं, अँप्लिफायर? आई म्हणाल्या, कशाला, येतंय की ऐकू. आणि मी, अतिशहाणी, मान डोलावली.

घरी आम्ही खुर्च्या मांडून बसलो. आईंनी गिटार घेतली, हनुवटी टेकवली आणि वाजवायला लागल्या. वन्सं, आम्हाला काही म्हणजे काहीच ऐकू येईना! जरासं टकटक, नखं वाजल्यासारखं. आणि आईंचा चेहरा असा फुललेला, की कसं सांगू! वाजवून झाल्यावर विचारलं, कसं वाटलं? आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर आम्ही बोलायचो आणि त्या न कळता माना डोलवायच्या, त्या दिवशी पाळी आमच्यावर आली. शेवटी ह्यांना राहवेना. खुर्चीवरून उठले, गुडघ्यांवर बसले आणि गिटारच्या खालच्या अंगाला डोकं टेकवलं. आई वाजवतच होत्या. हे बराच वेळ हलले नाहीत. नंतर डोळे पुसून एवढंच म्हणाले, सुरात आहे गं. दुर्बीणबाईंनी पाहिलं ते हे.

तेव्हा वन्सं, शेजाऱ्यांना त्रास म्हणाल तर शून्य. वय म्हणाल तर बोटांना वय कळत नाही, पहिले काही दिवस फोड आले, आता घट्टे पडलेत आणि आई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. पण तुमचा रविवारचा फोन आईंनीही ऐकला. तेव्हापासून त्या वाजवतात कमी आणि गिटार पुसतात जास्त. काल मला म्हणाल्या, ती नेणार असेल तर मी जाईन, लेकीला नाही कसं म्हणू? पण ही बरोबर नेऊ देईल का, विचार. मी विचारणार नाही. तुम्ही एकदा येऊन त्यांना वाजवताना बघा, मग न्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

भावजींना नमस्कार. खोकल्यावर अडुळसा घ्यायला सांगा.

तुमची,
बारीक आवाजाची भावजय

ता. क. दुर्बीणबाई काल चौकशीला आल्या होत्या. त्यांनीही डोकं टेकवलं. आज सकाळी पुन्हा आल्या, उद्या त्यांच्या बहिणीला आणणार आहेत. तिच्याकडून काही ऐकलंत तर घाबरू नका.

ता. क. २. खरी गोष्ट वर लिहायचा धीर झाला नाही. आईंना माझं बोलणं ऐकू येत नाही, ह्यांचं पुटपुटणं तर जगात कुणालाच येत नाही. फोनवर शब्दन् शब्द कळतो तो फक्त तुमचा. तुमचा आवाज खर्जातला ना. शाळेत असताना याच आवाजामुळे आईंनी तुम्हाला समूहगीतातून काढलं, मुलींच्या पट्टीत बसत नाही म्हणून, आणि तुम्ही पुन्हा कधी गायला नाहीत. मला हे परवा त्यांनीच सांगितलं. सांगताना गिटार बाजूला ठेवली होती. सध्या त्या एकच गाणं बसवताहेत, तेच समूहगीत. म्हणून म्हणते, या जरूर, पण त्यांना न्यायला नको. गायला या.

ता. क. ३. पट्टी जमेल का याची काळजी करू नका. मी पाटीवर लिहून विचारलं होतं. आईंनी गाणं तुमच्या आवाजाला बसेल एवढं खाली उतरवून घेतलंय. म्हणाल्या, तेव्हाच उतरवायला हवं होतं.